जायफळ धरत नव्हतं म्हणून रोह्याला गेले

दीर म्हणाले, रविवारी झाड तोडणार. पेणला रामवाडीत आमच्या घरामागेच त्यांचा गणपतींचा कारखाना. मूर्ती वाळवायला जागा पुरत नाही आणि माझं जायफळ नेमकं मध्ये उभं. सात-आठ वर्षं वाढवलं, फुलतं, पण फळ एक नाही. लोकांनी सांगितलं ते सगळं केलं. बुंध्यात खिळे ठोकले, सुकटीचं पाणी घातलं, जुनी चप्पल बांधली. शेवटी म्हटलं, जिथे पिकतं तिथेच जाऊन विचारू. फुलांची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि शुक्रवारी निघाले.

पेणहून रोह्याला रेल्वेने जा. गाड्या कमी आहेत, वेळ बघूनच घर सोडा. एसटी आहे, पण कंबर मोडते. रोह्याला स्टेशनबाहेर एकटी बाई दिसली की रिक्षावाले आख्खी रिक्षा घ्या म्हणतात. घेऊ नका. मी आत बसले ती बाकीच्या सीटा भरेपर्यंत उतरले नाही.

जायफळाची वाडी कुंडलिका नदीच्या काठाला. मालकीण कमळाबाय माझ्या मावशीच्या ओळखीची, म्हणून मला आत घेतलं. तुम्ही आधी विचारून जा, ते पिकनिकचं ठिकाण नाय. वर सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, खाली सावलीत जायफळ. पिवळं फळ उकललं की आत बीला लालभडक जाळी, तीच जायपत्री. आयुष्यभर मसाल्यात टाकली, झाडावर तेव्हा बघितली. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जायफळाच्या सालीचं लोणचं. लोणचं मागून आणा.

कमळाबाय म्हणाली, हे झाड मूळचं लांब पूर्वेच्या बेटांवरचं, जहाजातून इकडे आलं. तिथले गोरे व्यापारी जायफळ चुन्यात बुडवून विकायचे, दुसऱ्या कुणी रुजवू नये म्हणून. मी म्हटलं, मेले काय कंजूष.

मग तिने माझी डहाळी बघितली.

"खिळे ठोकलेस?"

"व्हय."

"चप्पल बांधलीस?"

"व्हय."

हसता हसता ती खालीच बसली. "अगो, तू बाप्याकडं पोर मागतेस. नर हाय तो."

बी लावलं की नर निघेल की मादी, फुलल्याशिवाय कळत नाही. मादीला फूल एकटंदुकटं, नराला झुपका. मला रागच आला. विचारलं, मग तोडूच का?

"तोड. पण कमरेइतका ठेव."

खुंटाला फुटवे येतील. ते पेन्सिलीएवढे झाले की तिच्या मादीच्या काडीचं कलम बांधायचं. एक फुटवा नराचा तसाच ठेवायचा, नाहीतर मादी धरणार कशी? कलम लागेलच असं नाही, हेही तिने सांगितलं. काडी आत्ताच दे म्हणून मी हटून बसले. नाय दिली. आत्ता नेलीस तर वाळून जाईल म्हणाली.

रविवारी दीर करवत घेऊन आले, मी भांडणार म्हणून तयारीनेच. मीच म्हटलं, कापा. ते बुडाशी वाकले तशी मी मध्ये उभी राहिले आणि कमरेला हात लावून दाखवलं, इथून.

"वहिनी, मग जागा अडलेलीच राहिली ना."

"एका गणपतीची अडेल. त्याला सांगते मी."

झाड पडलं. सात-आठ वर्षांची सावली एका सकाळी गेली. आता खुंटाला फुटवे आलेत, अजून काडीसारखे बारीक. कलम लागेल की नाही, माहीत नाय. पण परवा बघितलं, दीर ओली मूर्ती घेऊन खुंटाला वळसा घालून गेले. गिऱ्हाइकाने विचारलं हे काय, तर म्हणाले, "सांभाळून. वहिनीचं जायफळ हाय ते."