देवळामागचं रान

बंगळूरजवळच्या येलहंक्यात तानूबाईचा आवाज स्टेशनातल्या इंजिनाच्या आधी ऐकू यायचा, आणि इंजिन निदान पाण्यासाठी तरी थांबायचं. मशीनवर चोळ्या शिवता शिवता ती साऱ्या गल्लीशी गप्पा मारी. पण देवीच्या देवळामागच्या रानात शिरली की तीच तानूअक्का कुजबुजायला लागे. "हळू रे! हे काय आपलं घर आहे? पाहुणे आहोत आपण."

रान मराठा मंडळींचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. कळंब, उंबर, आणि मधून धोतर फाडणारी काटेरी झुडपं. तिथून कुणी पडलेली काटकीसुद्धा न्यायची नाही, असा रिवाज. फक्त लग्न निघालं की ज्या त्या कुळानं आपल्या देवकाची एक डहाळी मागून आणायची. देवक म्हणजे कुळाचा भाऊबंद. त्याच्यावर कुऱ्हाड चालत नाही.

बासष्ट साली समाजाचे अध्यक्ष मल्हारराव यांनी सभेत तिथं लग्नाचा हॉल बांधायचं काढलं. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. बोलण्याआधी घसा असा साफ करत, की वाटे, आता गाडी सुटणार.

"खं... खंऽ! देवकाची झाडं राहतील, अक्का. फक्त काटे जातील. स्वल्प, जरा पुढचं बघा. पंखे, नळ, पंगतीला फरशी!"

"आणि काट्यात राहणारे? तुझ्या पंख्याखाली झोपणार?"

"काट्यात कोण राहतंय?"

"आत जाऊन विचारलंस?"

सभा खदखदून हसली, आणि हात मात्र मल्हाररावांच्या बाजूनं वर झाले. तानूअक्कानं घरी येऊन मशीन असं पळवलं, की एका चोळीला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.

ज्येष्ठातल्या एका सकाळी कुऱ्हाडवाले आले. अक्का पदर खोचून वाटेत उभीच.

"मल्हारण्णा, सगळी जमीन आपल्या कामाला लावलीस, तर आपलं काहीच काम नाही अशी जागा उरेल कुठं? माणसानं स्वतःला विसरायला जायचं कुठं?"

"सरी, अक्का, सरी! बरं, बरं," म्हणत मोजपट्टी घेऊन मल्हारराव स्वतःच झुडपात घुसले.

आणि झुडूपच अंगावर आलं! फडाफडा पंख, धूळ, टोपी एकीकडे, मल्हारराव एकीकडे. लांडोर होती. ती जाऊन उंबरावर बसली, आणि झुडपाखालच्या पाचोळ्यात पिवळट अंडी उघडी पडली.

मल्हारराव गुडघ्यांवर तसेच राहिले. त्यांच्या कुळाचं देवक झाड नव्हतंच. मोराचं पीस होतं. दर लग्नाला ते पीस सिटी मार्केटातल्या दुकानातून यायचं, त्यामुळे पिसाच्या मागं मोर असतो आणि मोराला काटे लागतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कळंब राखला, उंबर राखला, आणि कुऱ्हाड आणली ती थेट स्वतःच्या भाऊबंदाच्या दारात!

"थांबा रे!" ते ओरडले, आणि लगेच स्वतःच दचकून आवाज उतरवला. "थांबा. समोरच्या माळावर बांधू."

तानूअक्कानं तोंडात भरून आणलेलं भांडण गिळलं आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

"अक्का," अंगातले काटे उपटता उपटता त्यांनी विचारलं, "इथं नुसते सरडे निघाले असते तर?"

"कुऱ्हाडीपुढं आडवी पडले असते."

"सरड्यांसाठी? ते कुणाचं देवक?"

"कुणाचंच नाही. म्हणजे त्यांच्या बाजूनं भांडायलाही कुणी नाही. मग मी नको का?"

हॉल माळावर झाला. वर पत्रे, दुपारी नुसती भट्टी. मल्हाररावांच्या लेकीच्या लग्नात पुण्याकडचे व्याही उपरण्यानं वारा घेत म्हणाले, "अहो, देवळामागं एवढी गार जागा मोकळी पडलीय, तिथं का नाही बांधलंत?"

"मोकळी कुठली, व्याहीबुवा," मल्हारराव म्हणाले. "भरलेली आहे ती."