आग्नेय कोपऱ्यातला गाळा

आमची इमारत उभी राहत होती त्या काळात मी निगडीहून रोज चाकणला जायची असं लोकांना सांगायची. खरं तर चाकणला कमी आणि ऑफिसांना जास्त. भाऊ कंपनीत, त्याच्या शिफ्ट बदलत्या. आमचे वडील, आबा, घरी वाघ आणि ऑफिसातलं टेबल दिसलं की एकदम 'साहेब, साहेब'. राहिले मी. लग्न होऊन निगडीच्या प्राधिकरणात गेलेली मुलगी दुपारी मोकळीच असते, असा माहेरच्या सगळ्यांचा पक्का समज. त्या समजापायी माझी स्कूटी तळवड्याच्या रस्त्याला लागली ती लागलीच.

जागा आमचीच, चाकणच्या रस्त्याला लागून. शेत कंपन्यांना गेलं, हा तुकडा उरला. खाली गाळे, वर गोदाम आणि दोन-तीन ऑफिसं, असा बेत होता. गाळे कुणाला द्यायचे हे मागाहून बघू म्हणालो होतो, पण रस्त्याकडच्या कोपऱ्यातला गाळा उस्तादांचा, हे पाया खणायच्या आधीच ठरलेलं होतं.

उस्ताद म्हणजे आमच्या भागातले वेल्डिंगवाले. त्यांचे वडील लातूरकडून आले आणि इथलेच झाले. आमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, गोठ्याचं फाटक, माझ्या बाळंतपणात आईने करून घेतलेली लोखंडी बाज, सगळं त्यांच्या हातचं. ट्रकवाले लांबून त्यांच्याकडे यायचे, कारण त्यांनी जोडलेली चासी परत तिथे तुटत नसे. त्यांची शेड भाड्याच्या जागेवर होती. जागामालकाने ती गोदामवाल्यांना विकली आणि दिवाळीनंतर रिकामी करायला सांगितली. उस्तादांनी दुसरीकडे शोधाशोधच केली नाही, कारण आबा म्हणाले होते, "आमच्यात या. हाय की जागा." म्हणजे दिवाळीपर्यंत आमच्या गाळ्यात तीन फेज वीज यायला हवी होती. नाही आली तर या वयात त्यांना स्वतःचा धंदा मोडावा लागणार होता. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होते.

वीज मागायला गेलं की विचारायचे, इमारत वापरायच्या परवानगीचा भोगवटा दाखला कुठाय? भोगवट्याला गेलं की विचारायचे, अग्निशामकचा ना हरकत दाखला कुठाय? नळजोडाचंही तेच. बांधकामासाठी मिळालेली तात्पुरती वीज होती, पण ती बांधकामालाच वापरायची, दुकानाला नाही. मी सगळ्यांशी गोड बोलून पाहिलं, मग भांडून पाहिलं. भांडणाचा उपयोग थोडा जास्त झाला. अखेर अग्निशामकच्या साहेबांनी पाहणीला यायचं कबूल केलं, तेव्हा मी आनंदाने घरी श्रीखंड नेलं. माझ्यासारखी बावळट मीच.

साहेब आले. तरुण होते, नम्र होते. जिन्याची रुंदी बघितली, पाइप बघितले, मान डोलावली. मग मंजूर नकाशा उघडून म्हणाले, "आगीसाठीच्या पाण्याची टाकी फाटकाजवळ दाखवलीय. झाकण कुठे दिसत नाही?"

मी आमच्या ठेकेदाराकडे बघितलं. तो आमच्या भावकीतला, माझ्याहून लहान. तो आबांकडे बघायला लागला. आबा आभाळाकडे बघायला लागले.

नकाशात दोन टाक्या होत्या. वापराच्या पाण्याची मागच्या बाजूला आणि आगीची पुढे, फाटकापाशी, बंबाची गाडी आली की सरळ पाइप टाकता यावा म्हणून. आबांनी ठेकेदाराला सांगून दोन्ही मागे, ईशान्येला घेतल्या होत्या. मी ऑफिसांत खेटे घालत होते आणि इकडे टाकीने जागा बदलली होती. मागचा मोठा खड्डा मी पाहिलाही होता. पाणी भरपूर लागतं बाई, असं आबा तेव्हा म्हणाले होते. आर्किटेक्टला कळेपर्यंत स्लॅब पडलेला होता आणि पुढे काँक्रीट घोटून झालं होतं.

साहेब मागच्या बाजूला जाऊन आले. "गाडी इथपर्यंत वळणार कशी?" एवढंच म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शिव्या द्यायला समोर कुणी तरी हवं होतं, तर घरचंच माणूस निघालं.

ते गेल्यावर मी आबांवर तुटून पडले. "आबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"फाटकाजवळ आग्नेय येती."

"मग?"

"आग्नेयला पाणी ठिवत न्हाईत. तिथं अग्नी असतो."

"अहो, आग लागली तर विझवायलाच आहे ना ते पाणी!"

"लागलीच न्हाई तर?" आबा म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

उपाय एकच होता. पुढचं काँक्रीट फोडून तिथे नवी टाकी बांधायची. ठेकेदाराने ब्रेकर मागवला, तर आबा फाटकाजवळ नेमक्या त्याच जागी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. सकाळी बसायचे, जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. मी रडले, ओरडले, भावाने समजावलं. आई म्हणाली, तुझा बाप असाच आहे, आणि भाकरी थापायला गेली. ते असे हट्टी कधी नव्हते. स्वतःच्या घरात आग्नेयेला आमचं न्हाणीघर आहे, त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मग हाच कोपरा एवढा का लागून राहिलाय, हे मला कळेना, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली.

शेवटी मी उस्तादांना बोलावून आणलं. म्हटलं, तुमचं तरी ऐकतील. उस्ताद आले, आबांच्या शेजारी उकिडवे बसले. "भाऊ, उठा ना. काम अडलंय."

आबा जमिनीकडे बघतच म्हणाले, "तुझ्यापायीच केलं रं."

"माझ्यापायी?"

"तुझं समदं काम ठिणगीचं, आगीचं. म्हणून आग्नेयचा गाळा तुला काढला. बरकत यावी म्हून. आन् तुझ्याच दारात, अग्नीच्या जागंवर पाणी साठवू? धंदा बुडंल की तुझा."

इतके दिवस मी ज्याला अडाणीपणा म्हणून बडबडत होते, ती त्यांची माया होती. राग गेला असं मात्र नाही. उलट वाढला, कारण आता तो ठेवायला जागा नव्हती.

उस्तादांना आधी हसू आलं. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "भाऊ, मला एकदा विचारायचं होतं राव. मी टाकीच्या झाकणावर बसून वेल्डिंग केलं असतं. आमच्यात नसतं हे आग्नेय-बिग्नेय." मग त्यांचं हसू ओसरलं. "मला लाइट पाहिजे होती फक्त."

आबा उठले. खुर्ची स्वतःच उचलून बाजूला ठेवली. ब्रेकरचा आवाज सुरू झाला तेव्हा ते घरात निघून गेले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पण टाकी काही रागावर किंवा पश्चात्तापावर बांधून होत नाही. फोडलं, खणलं, खडक लागला, काँक्रीट केलं, ते भिजवत ठेवलं, पाणी भरून गळती बघितली. मग पुन्हा पाहणीचा अर्ज, पुन्हा भोगवट्याचा, त्यानंतर विजेचा. तोवर दिवाळी झाली. उस्तादांनी मालकाकडून थोडी सवड मागून घेतली, तीही संपली. आमच्या गाळ्यात जनरेटरवर काही दिवस चालवून पाहिलं, पण डिझेलमध्येच सगळं जायला लागलं. शेवटी शेडचे पत्रे उतरवले. वेल्डिंगचा मोठा सेट विकला, ड्रिल मशीन विकलं. मोशीकडच्या एका कारखान्यात त्यांना वेल्डर म्हणून घेतलं. साऱ्या भागाचे उस्ताद, आणि आता गळ्यात ओळखपत्र, अंगात दुसऱ्याच्या कंपनीचा निळा शर्ट.

वीज आली ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मीटर बसले, बोर्डावर लाल दिवे लागले. मी ज्या क्षणाची इतकी वाट पाहिली होती, तो आला तेव्हा मला नुसतं थकल्यासारखं वाटलं. आबांनी उस्तादांना बोलावणं धाडलं. ते सुट्टीच्या दिवशी आले, पांढरा सदरा घालून. आबा म्हणाले, "बटण तू दाब." उस्तादांनी बटण दाबलं. रिकाम्या गाळ्यात ट्यूबचा उजेड पडला. सवयीने ते बोर्डापाशी गेले, टेस्टर लावून तिन्ही फेज तपासले.

"चांगली आहे लाइन," ते म्हणाले.

"मग ये की," आबा म्हणाले. "भाडं नको काही."

"सेट गेला, भाऊ. गिऱ्हाईक पण गेलं. आता पुन्हा पहिल्यापासून..." त्यांनी आबांचा हात हातात घेतला. चहा घेतला आणि निघाले. जाताना टाकीच्या लोखंडी झाकणावरून चालत गेले. आबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले ते झाकणाला वळसा घालून.

बाकीचे गाळे लगेच गेले. कोपऱ्यातल्यासाठी विचारणा रोज होते. मोबाइलवाले, औषधवाले, एकजण तर बिर्याणीचं हॉटेल टाकायला तयार होता. मी आबांना म्हणते, देऊन टाकू, रिकामा ठेवून काय होणार? ते म्हणतात, राहू दे. मीही आता फार भांडत नाही.

संध्याकाळी कंपन्यांच्या बस सुटायच्या सुमाराला आबा तो गाळा उघडतात, शटर पूर्ण वर करतात, ट्यूब लावतात आणि दारात खुर्ची टाकून बसतात. मोशीकडून येणारी उस्तादांच्या कारखान्याची बस आमच्या समोरून जाते. तिच्या काचा काळ्या आहेत, आणि उस्ताद कुठल्या बाजूला बसतात ते आम्हाला माहीत नाही. आबा तरी हात वर करतात.