स्लॅबला सुतक नसतं

आमचे हे भाजीपाल्याचे माणूस. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडच्या आत आमची शेती. कोथिंबीर, मेथी, मधल्या पट्ट्यात झेंडू. जन्म पत्र्याच्या घरात गेला. उन्हाळ्यात पत्रा तापला की दुपारी आत बसवत नसे, ताटं घेऊन झाडाखाली जायचं. म्हणून शेजारीच स्लॅबचं घर बांधायचं, हे यांचं एकमेव वेड. बाकी कशाची हौस नव्हती या माणसाला.

स्लॅब टाकला त्या दिवशी नारळ फोडला, कामगारांना जिलबी-भजी दिली, आणि हे सकाळपासून मिक्सरपाशी ठाण मांडून बसले. खडी, वाळू, सिमेंट पडलं की पाणी ओतणाऱ्याचा हात सैल सुटायचा, कारण पातळ माल पसरायला सोपा. हे लगेच ओरडायचे, "बास! आमटी नाय करायची, स्लॅब टाकायचाय." जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, मागे बारीक भोकं राहतात आणि स्लॅब कमजोर होतो, असं मिस्त्रीने एकदा सांगितलं होतं. ते यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मी म्हटलं, "कोथिंबिरीला पाट सोडून देता, अन् इथं थेंबाथेंबाला जीव जातोय तुमचा." सगळे हसले. हेही हसले, पण जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून उलटाच कारभार. आता म्हणे पाणी जितकं द्याल तितकं थोडं. सिमेंट वाळलं की कडक होतं असंच मी आजवर समजत होते. "नाय गं," हे म्हणाले, "ते वाळून नाय, पाणी पिऊन घट्ट होतं. आत्ता तहानलेलं राहिलं तर जन्माचं कच्चं."

स्लॅबवर पाणी साठावं म्हणून बांध घालून वाफे पाडतात. ते काम यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. शेतातली काळी माती वर नेली, झकास वाफे पाडले, आणि हाताच्या सवयीने प्रत्येक वाफ्याला तोंड ठेवलं, एक भरला की पाणी पुढच्यात जावं म्हणून. सकाळी बघतो तर सगळं पाणी शेवटच्या तोंडातून खाली अंगणात, आणि वर वाफे कोरडे ठणठणीत. मिस्त्री पोट धरून हसला. "दादा, पीक नाय घ्यायचं हितं, पाणी तुंबवायचंय!" हे ओशाळले, मुकाट्याने तोंडं बुजवली. पुढे जेवढे दिवस मिळाले तेवढे मी यांना त्यावरून चिडवलं. फार मिळाले नाहीत.

एका पहाटे हे भाजी घेऊन मार्केटला गेले. माल उतरवतानाच छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरातून निघताना मला म्हणाले होते, "ऊन चढायच्या आत वाफे भर." तेच शेवटचं बोलणं. प्रेमाचं काही बोलले असते तर मी कदाचित विसरलेही असते.

अंत्यविधी झाला. पत्र्याचं घर माणसांनी भरलं आणि मला एका कोपऱ्यात बसवलं. बायका येत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या, मीही रडत होते. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. मी दिरांना विचारलं, "स्लॅबला पाणी घातलं का?" ते म्हणाले, "मारलंय, वहिनी. तुम्ही त्याची काळजी नका करू." माझा विश्वास बसला नाही. उठले, जिना चढून वर गेले. कोणीतरी नुसतं शिंपडून आलं होतं. वाफ्यांचे तळ पांढरे पडायला लागले होते.

मी मोटर लावली आणि पाइप हातात घेतला. खालून सासूबाईंचा आवाज आला, "माझ्या लेकाची राख अजून गरम हाय, अन् ही पाइप घेऊन फिरती! सुतकाचं तरी भान ठेव!"

"सुतक आपल्याला आहे, आई," मी वरूनच म्हटलं. "स्लॅबला नसतं."

सासूबाई त्यानंतर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मलाही राग होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, उन्हाचा आणि सगळ्यात जास्त यांचा. एवढीच काळजी होती घराची, तर राहायचं होतं ना स्वतः! सकाळ-संध्याकाळ मी वाफे भरत होते आणि मनात यांच्याशी भांडत होते. भांडायला तरी माणूस होतं तेव्हा.

तेरावं झालं. आणखी काही दिवसांनी मिस्त्री आला आणि त्याने सेंट्रिंग खोललं. टेकू निघाले, पाट्या निघाल्या, स्लॅब आपल्या जिवावर उभा राहिला. मिस्त्रीने खालून हातोडी मारून पाहिली. आवाज खणखणीत आला. "एक चीर नाय," तो म्हणाला. "दादांचं काम झालं. आता पाणी बंद केलं तरी चालतंय, वहिनी."

सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र नाही. यांनी सांगून ठेवलेलं काम संपलं होतं. उद्या उठून यांच्यासाठी करावं असं आता काहीही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तशी मी मोटर लावली आणि वर गेले. वेडेपणा होता, मला कळत होतं. वाफे अर्धे भरले असतील, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कठडा नसलेल्या त्या जिन्यावरून सासूबाई एकेक पायरी चढत, गुडघ्यावर हात टेकत वर आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्या माझ्यापाशी आल्या आणि पाइपसाठी हात पुढे केला.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. "तो कोपरा कोरडा राह्यलाय. माझ्या लेकाला चालायचं नाय ते."