मास्तरांनी गाणं थांबवलं

आमच्या कारंजा गावात कुणाचीही वरात मंडपाच्या दाराशी पोचली, तरी मास्तरांचं गाणं पुरं झाल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरू शकत नसे. भटजी घड्याळ दाखवायचे, मुलीचे मामा हात जोडायचे, घोडासुद्धा कंटाळून पाय बदलायचा. मास्तर डोळे मिटून क्लॅरनेट फुंकत राहायचे. शेवटचा सूर संपला की डोळे उघडून अगदी साळसूदपणे विचारायचे, “काहून थांबले सारे? चाला ना.”

मास्तरांची बँडपार्टी होती आणि त्यांचं घर आमच्या घराला लागून. त्यांचं खरं नाव आधारकार्डावर असेल तेवढंच. गल्लीला ते मास्तर आणि त्यांची बायको चाची. गाणं मध्येच तोडायचं नाही, हा त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला नियम. “अर्धं गाणं म्हंजे अर्धा संसार, बेटा,” ते मला सांगायचे. “लग्नात गाणं तोडलं त त्या पोरीच्या सुखाचा तुकडा पडते.” मोबाईलवर गाणी ऐकायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही ते याच कारणाने. गाणं रंगात आलेलं असताना कुणाचा तरी फोन यावा आणि गाण्याचा गळा आवळला जावा, हे त्यांना बघवत नसे.

मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मास्तरांचं एक वचन होतं. “तुया लग्नात मीच वाजवीन. दुसऱ्या कोनी वाजवलं त किलारनेट चुलीत घालीन मी.” पुढे माझं लग्न मालेगावला ठरलं आणि होणाऱ्या दिरांनी एक अट घातली. एक नवंकोरं सिनेमाचं गाणं वरातीत वाजलंच पाहिजे. बँडवाल्यांना येत असेल तर बँड, नाहीतर आम्ही डीजे आणतो. बाबा पडले मुलीचे बाप, मान डोलावून मोकळे झाले. मास्तर मात्र क्लॅरनेटच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती गालात धरून ओली करत बसले. पूर्वी चहाच्या हॉटेलात रेडिओवर एकदोनदा ऐकलं की गाणं त्यांच्या बोटांत उतरायचं. आता कान पहिल्यासारखे राहिले नव्हते, आणि हे मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग मी माझा कॉलेजातला एमपीथ्री प्लेअर शोधून काढला. काडेपेटीएवढा, कोपरे झिजलेला, पण चालणारा. त्यात ते नवं गाणं भरलं आणि मास्तरांच्या आवडीची पुष्कळ जुनी गाणीही भरली. “यात फोन येत नाही, मास्तर,” असं म्हटल्यावर त्यांनी तो आधी कपाळाला लावला आणि मग खिशात टाकला. शिकणं कसलं, कानात वायर घाला, बटण दाबा, झालं, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर मास्तर सकाळचे ओट्यावर बसले ते दुपार कलली तरी तिथेच. चहावर साय धरली होती. भाजीवाला हाका मारून गेला. मी समोर जाऊन उभी राहिले तर तळहात उंचावून मला थोपवलं आणि कानात वायर असल्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “थांब! हे गाणं संपू दे!” पण ते संपलं की लगेच दुसरं सुरू व्हायचं, आणि सुरू झालेलं गाणं टाकून उठणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. शेवटी बॅटरीनेच जीव सोडला, तोही गाण्याच्या मधोमध. मास्तरांचा चेहरा उतरला. “काय मशीन हाय बाप्पा! याले दम लागत नाई अन लागला त डायरेक्ट मरते.”

एका वेळी एकच गाणं वाजेल अशी सोय मी करून दिली, पण खरी अडचण पुढेच होती. त्या नव्या गाण्याच्या मध्यावर सुरांची एक अवघड घसरण होती. मास्तर ती पकडेपर्यंत गाणं पुढे निघून जायचं. मग ते शेवटपर्यंत इमानदारीने ऐकायचं आणि परत पहिल्यापासून. मी सांगितलं, इथे थांबवा, थोडं मागे घ्या, पुन्हा ऐका. मास्तरांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. “काहून तोडाले लावून राह्यली मले? अन तेबी तुया लग्नाचं गाणं?”

लग्न तोंडावर आलं. मला हळदीपेक्षा डीजेचीच धास्ती जास्त होती. प्रश्न सोडवला तो चाचीने. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून तणतणत आली. “सालन जल गया, पर इनका गाना खतम नहीं हुआ!” असं म्हणत तिने मास्तरांच्या हातातला प्लेअर ओढला आणि दिसेल ते बटण दाबलं. मास्तर ओरडले. घाबरून तिने तेच बटण पुन्हा दाबलं, आणि गाणं जिथे थांबलं होतं त्याच शब्दापासून पुढे चालू झालं.

मास्तर प्लेअरकडे बघतच राहिले. त्यांनी स्वतः हळूच बटण दाबलं. थांबलं. परत दाबलं. चाललं. “म्हंजे हे मेलं नव्हतं?” ते म्हणाले. “दम धरून बसलं होतं! आपन नाई का फुंकता फुंकता दम घेत, तसं.” त्यानंतर त्यांनी ती घसरण तुकड्यातुकड्याने अशी काही घोटली की आमची कामवालीसुद्धा भांडी घासताना तीच गुणगुणू लागली.

वरातीत मास्तरांनी ते गाणं वाजवलं तेव्हा दीर लोक घामाघूम होईस्तोवर नाचले. डीजेचं नाव कुणी काढलं नाही. मी खिडकीच्या फटीतून बघत होते आणि ती अवघड जागा सुखरूप पार पडली तेव्हा एकटीच टाळ्या वाजवत होते.

पाठवणीची एक जुनी चाल मास्तर गल्लीतल्या प्रत्येक मुलीला वाजवायचे, तीही पूर्ण. गाडी सुरू, मुलगी रडून दमलेली, आणि मास्तर अजून अंतऱ्यावर. माझ्या वेळी मात्र ते मध्येच थांबले. सगळे चपापले, बाबांचा तर चेहराच पडला. मास्तर गाडीच्या खिडकीशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “भेऊ नको. तोडलं नाई, थांबवलं हाय. बाकीचं तू माहेरी येशीन तवा.” मी रडता रडता हसले.

मांडवपरतणीला आले तर मास्तर क्लॅरनेट घेऊन दारात हजर. राहिलेल्या जागेपासून एक ओळ वाजवली आणि थांबले. दिवाळीला पुढची ओळ. तेव्हापासून प्रत्येक माहेरपणात हेच चाललं आहे. “एकदाचं पुरं करा ना,” असं मी म्हटलं की म्हणायचे, “पुरं झालं त तू कायले येशीन?”

यंदा गेले तेव्हा मास्तरांचे पुढचे दात पडले होते. दातांशिवाय क्लॅरनेट धरता येत नाही. ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं दिसलं आणि मला फार वाईट वाटलं. मास्तरांनी खिशातून माझा तो जुना प्लेअर काढला. दात हलायला लागले तेव्हाच त्यांनी ती सबंध चाल वाजवून मोबाईलच्या दुकानातून त्यात भरून घेतली होती आणि बरोबर आमच्या जागेवर आणून थांबवून ठेवली होती. वायरचं एक टोक त्यांनी माझ्या कानात घातलं, एक स्वतःच्या. बटण दाबलं. त्यांची ती जुनी दमदार फुंक कानात शिरली. एक ओळ झाली, आणि अंगठा बटणावर पडला.

“थोडंच राहिलंय मास्तर, होऊ द्या की,” मी म्हणाले.

“जाय बाप्पा, तुयी एसटी लागली असंन,” प्लेअर खिशात घालत ते बोळक्या तोंडाने हसले. “गानं कुठी पयून नाई जात.”