उर्दूचा खण

सांगलीच्या आमच्या वाचनालयात अक्षर चांगलं असल्याशिवाय नोकरी मिळत नसे. साताऱ्याहून मी मुलाखतीला आले, तेव्हा मला एकच काम दिलं गेलं: पुस्तकाचं एक कार्ड लिहून दाखवा. नाव, लेखक, कपाटाचा क्रमांक. अशा कार्डांनी लाकडी खण भरलेले असत आणि वाचक त्यांत बोटं घालून पुस्तक शोधत. मराठीची कार्डं मी लिहीत असे, कानडीची एक निवृत्त शिक्षिका. उर्दूची लिहायला मिरजेहून दर गुरुवारी तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर येत. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. पैसे घेत नसत, चहा घेत. आमच्यापैकी कुणालाच उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून तो खण सर्वस्वी त्यांचा होता.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कार्यकारिणीने संगणक घ्यायचं ठरवलं. खणांची कपाटं हलवून तिथे स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी टेबलं टाकायची होती. तिन्ही भाषा चालतील असं सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तोवर मी संगणकाला हातही लावला नव्हता, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

विक्रेता आला की मी त्याच्यापुढे तीन भाषांतली तीन कार्डं ठेवायची. पहिल्याला कानडी जमेना. दुसऱ्याची उर्दू अक्षरं सुटी सुटी पडली. शेजारी बसलेले चाचा म्हणाले, "ताई, ह्ये तर दाणं सांडल्यागत झालंय." मग चाचा महिनाभर लेकीकडे विजापूरला गेले आणि तेवढ्यात तिसरा आला. त्याने मराठी आणि कानडी टाइप करून दाखवलं, उर्दूचं कार्ड मात्र स्कॅनरवर ठेवलं. पडद्यावर चाचांचंच अक्षर उमटलं, एकेक वळण तसंच्या तसं.

"उर्दू आपण चित्र म्हणून साठवू," तो म्हणाला. मी मान डोलावली. मुलगी बघायला गेलेल्या सासूसारखी मी नुसतं रूप बघत होते.

उर्दूची कार्डं सगळ्यात कमी, म्हणून ती आधी स्कॅन झाली. झाल्याबरोबर मी खण रिकामा करायला सांगितलं आणि कार्डं रद्दीत गेली.

चाचा परतले त्या गुरुवारी मी त्यांना खुर्ची दिली आणि मोठ्या तोऱ्यात पडदा दाखवला. स्वतःचं अक्षर बघून ते हसले. मग म्हणाले, "आमच्या शेजारणीला युनानी दवांचं पुस्तक पायजे. काढा की जरा."

शोधायच्या चौकटीत मी काय लिहिणार? चित्रातली अक्षरं त्या यंत्राला वाचता येत नव्हती. शेकडो चित्रं एकामागून एक पुढे ढकलत बसायचं, एवढाच मार्ग होता. अक्षर कसं दिसतं हे मी तीनदा तपासलं होतं. पुस्तक सापडतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"खणातली कार्डं कुठं हायत?" चाचांनी विचारलं.

"रद्दीत दिली," मी म्हणाले. "मीच."

मला रडू येत होतं, आणि कामाच्या जागी रडायचा मला मनस्वी तिटकारा, म्हणून मी चहा सांगायला उठले. परत आले तर त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"कोरी कार्डं हायत का?"

कोरी कार्डं मागवणं आम्ही बंद केलं होतं. माझी मराठीची कार्डं अजून खणात होती. त्यांतली संगणकात नोंद झालेली मी गठ्ठ्याने आणून दिली. त्यांची मागची बाजू कोरी होती.

पुढचे कित्येक गुरुवार मी एकेक चित्र पडद्यावर आणत गेले आणि चाचा आपल्याच जुन्या अक्षरावरून पुन्हा लिहीत गेले. हात आता थरथरायचा. पडद्यावरचं अक्षर सुरेख होतं, कार्डावरचं तसं येत नव्हतं. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली असावी.

"देखणं नगं आता, ताई," ते म्हणाले. "घावलं म्हंजे झालं."

टेबलं आली, कपाटं गेली. तो एक खण मात्र मी कार्यकारिणीशी भांडून ठेवून घेतला. मिरजेहून येणारे उर्दूचे वाचक अजून त्यात बोटं घालून पुस्तक शोधतात. कार्ड उलटं केलं तर माझं अक्षर दिसतं, टपोरं आणि देखणं. ती बाजू कुणी बघत नाही.