गादीखालचं प्लॅस्टिक

आमच्या ह्यांना सगळे ओलवाले म्हणतात. कुणाच्या घरात ओल किती, बुरशी कुठे, हे मोजून सांगणं हा ह्यांचा धंदा. हातात दोन सुयांचं मीटर. सुया भिंतीत टोचल्या की आकडा येतो. आकड्याने समाधान झालं नाही, तर भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला धरलं तर घरातली. जेवायला आलेल्या पाहुण्यांनाही हे ऐकवतात. ओल सापडली की ह्यांना शाळूसोबती भेटल्यासारखं होतं.

लेक तिच्या तान्ह्या चिमणीला घेऊन आमच्याकडे राहायला आली आणि काही दिवसांनी चिमणीचा श्वास वाजायला लागला. आधी वाटलं सर्दी असेल. मग श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "घरात कुठे बुरशी आहे का बघा. औषधाने उतरलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल."

ओलवाल्याच्या घरात बुरशी! ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. कपाटं ओढली, मोरीची भिंत टोचली, माळ्यावर चढले. सगळीकडे कोरडं. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"अहो, भिंतींना काय टोचत बसलाय," मी खेकसले. "पोरीला श्वास पुरेना झालाय."

"मग कुठून येतंय ते तू सांग." आवाज कापत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग मलाही धीर राहिला नाही. गॅसवर दूध करपलं, त्याचाही पत्ता नाही.

दुपारी चिमणीने गादी पुन्हा ओली केली. लेक नुसती चादर बदलत होती. म्हटलं, गादीच उन्हात टाकू. उचलली आणि हात थबकला. खालून काळे डाग, वास असा की मी नाकाला पदर लावला.

फरशीची ओल बाळाला बाधू नये म्हणून ह्यांनीच पहिल्या दिवशी गादीखाली प्लॅस्टिक अंथरलं होतं, कडेने चिकटपट्टी मारून. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ह्यांच्याकडे बघून गिळलं.

ह्यांनी चिकटपट्टी सोडवली. प्लॅस्टिकखाली फरशी ठणठणीत कोरडी. वरच्या बाजूला पाणी. बाळाचा घाम, बाळाची शू, सगळं तिथेच कोंडलेलं.

"बाबा, तुम्हाला कसं नाही कळलं?" लेक म्हणाली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

गादी बाहेर गेली, खिडक्या उघडल्या. चिमणी माझ्या मांडीवर होती. ह्यांनी मीटर खाली ठेवलं.

"तिच्या छातीला कान लाव," मला म्हणाले. "माझी हिंमत होत नाही. कमी झालंय का सांग."

मी कान लावला. आतली शिट्टी सकाळपेक्षा वाढली होती.

"बॅग भर," मी लेकीला म्हटलं.