तारखेला घातलेलं कुलूप

शिवकन्या ही साखर कारखान्याच्या गट ऑफिसात क्लार्क. कुणी ऊस कधी लावला ती तारीख कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरायची. ज्याची लागण आधी, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी. सरळ काम. पण ऑफिस म्हणजे चावडीच! जो येईल तो "बघू गं माजा नंबर" म्हणत माउस हातात घ्यायचा. पन्नास एकरवाल्या आण्णासाहेबांना तर कोण अडवणार? त्यांनी आपली ऑगस्टची तारीख जुलैची केली आणि नंबर थेट वर नेला.

खाली ढकलली गेली धुरपदाबाई. तिचा एक एकर ऊस, लागण खरोखरची जुलैची, तुरे येऊन वाळत चाललेला. दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, टोळी माज्या बांधावरनं पुढं गेली की गं!" शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं कागदी नोंदवहीवरून तारखा नीट केल्या, सगळा रकाना निवडून 'लॉक'वर खूण असल्याची खात्री केली आणि निर्धास्त घरी गेली. सकाळी बघते तर आण्णासाहेब पुन्हा वर! आता बघा, नुसत्या त्या खुणेनं काही होत नाही. त्यानंतर शीट 'प्रोटेक्ट' करावी लागते. बाईनं कुलूप अडकवलं होतं, किल्ली फिरवलीच नव्हती. स्वतःवरच लई चिडली. वही काढून तारखा परत भरल्या, शीट प्रोटेक्ट केली, तर लॉकची खूण सगळ्याच रकान्यांवर आधीपासून असल्यानं तिचं तिलाच काही लिहिता येईना! पण सोडते कशाची? रोजच्या तोडणीचा रकाना तेवढा मोकळा केला, बाकी सगळं बंद, वर पासवर्ड.

दुपारी आण्णासाहेब आले. माउस धरला, बटणं बडवली. तारीख हलेना.

"पासवर्ड सांग."

"न्हाय सांगणार, आण्णा."

"येडी हाईस का? तुजा बाप कितवा हाय? एकेचाळीस ना? त्यालाबी वर घेऊ की."

तिच्या बापाचा ऊसही वाळतच होता.

"एकेचाळीस हाय, तिथंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "अन् टोळी आज धुरपदाकाकूच्या फडात जाईल."

संध्याकाळी घरी तिनं आपणहून सगळं सांगितलं. तिचा बाप, महारुद्र, बोटांवर दिवस मोजू लागला.

"म्हंजे आपली तोड संक्रांतीनंतर?"

"व्हय, आबा."

"मग अजून एक पाणी द्यावं लागंल," म्हणत त्यानं खोरं उचललं.